दुपट्ट्याखालचा हात

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं की नाही या प्रश्नाचा निकाल मंगरूळपीरच्या बैलबाजारात केव्हाच लागलेला आहे. निकाल असा, की येतं. यावर कोणाची हरकत असल्यास ती नोंदवून घेता येणार नाही. जो ती ऐकून घेऊ शकला असता, तो सुखदेवभाऊ आता नाही.

मी पोटासाठी शाळेतला कारकून आणि हौसेखातर गावभरचा निवेदक आहे. गणपती असो, निरोपसमारंभ असो, कोणाच्या पोराची नोकरी लागलेली असो, माईक माझ्या हातात असतो. त्यामुळे सुखदेवभाऊला मी अगदी जवळून, म्हणजे पडद्याच्या आतल्या बाजूने पाहिलं. लोकांनी मनकवडा पाहिला. मी त्याची बोटं पाहिली.

तो मूळचा बैलांचा दलाल. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातावर दुपट्टा पडतो, आणि त्याच्या खाली बोटं बोलतात. पंजा धरला की एक अर्थ, दोन बोटं दाबली की दुसरा. बाजूला शंभर माणसं उभी असोत, सौदा दोघांतच. दलाल मधला. विकणाऱ्याच्या हातातून तो भाव उचलतो, चार पावलं चालतो, घेणाऱ्याच्या हातात सोडतो. सुखदेवभाऊने तरुणपणापासून हेच केलं. त्याचं म्हणणं, माणूस सांगतो एक भाव आणि त्याचा आंगठा सांगतो दुसरा. "मन तोंडात नसते," तो म्हणायचा. "मन हाये आंगठ्याच्या बुडाशी. तिथं एक शीर हाये, ते खोटं बोलत नाही."

दिसायला तो काहीच नव्हता. बुटका, कान मोठे, डोळे जरा झोपाळू. हात मात्र नवलाचे. मे महिन्यातही कोरडे आणि गार. तो कोणाशी हात मिळवत नसे. कोणी पुढे केला तर लांबून नमस्कार. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "फुकटात कोनाच्या घरात कायले घुसा?" आणि हसला नाही. बायकोचाही हात त्याने लग्नातल्या एका विधीनंतर धरला नव्हता, असं ती स्वतः माझ्या बायकोला सांगायची, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर तक्रार नसे, सुटका असे. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: "बाजारातून माणूस घरी येते. घरातून कुठं जाईन?"

ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, बाजार विरळ झाला. मग एका गणेशोत्सवात मीच त्याला स्टेजवर चढवला. प्रयोग साधा होता. तो बाहेर जाणार, मंडळातला कोणीतरी एक नारळ कुठेतरी लपवणार, मग सुखदेवभाऊ आत येऊन लपवणाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली धरणार आणि त्याला घेऊन मांडवभर चालणार. नारळ जनरेटरच्या मागे होता. तो सरळ तिथे गेला. लपवणारा पोरगा नंतर म्हणाला की मी काहीच सांगितलं नाही, उलट दुसरीकडेच ओढत होतो. सुखदेवभाऊ म्हणाला, "ओढत होता, म्हणूनच तं समजलं."

दुसरा प्रयोग याहून भारी होता. प्रमुख पाहुणे एक हेडमास्तर होते. त्यांना स्टेजवर बोलावून सुखदेवभाऊ म्हणाला, सर, आपल्या जिल्ह्यातला एक तालुका मनात धरा. वाशिम नको, ते तर जिल्ह्याचंच गाव. बसलो ते मंगरूळपीर नको. जिथं जाताना जरा वळावं लागते, असा एखादा. मग हात धरला, डोळे मिटले, आणि माझ्याकडून माईक घेऊन म्हणाला, मानोरा. हेडमास्तरांचा चष्मा नाकावरून घसरला. टाळ्या इतक्या वाजल्या की आरती लांबली.

हेडमास्तर पुढे वर्षभर सांगत फिरले की मानोऱ्याचा त्या दिवशी कोणी विषयसुद्धा काढला नव्हता. पडद्यामागे मी होतो हो. सुखदेवभाऊने त्यांना पंख्यापाशी बसवलं होतं, चहा दिला होता, आणि आपल्या भाचीला मानोऱ्यात दिली आहे, रस्ता आता कसा आहे, मधे वळणं फार आहेत का, असं सगळं विचारून घेतलं होतं. हेडमास्तरांनी त्या रस्त्याचं पाच मिनिटं वर्णन केलं होतं. पण ते त्यांना आठवत नव्हतं. खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते ते. त्यांच्या डोक्यातून ती पाच मिनिटं पुसलीच गेली होती, आणि त्या जागी फक्त चमत्कार उरला होता.

मला तेव्हा हे फार विनोदी वाटलं होतं. मग एके दुपारी माझी पाळी आली.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसलो होतो. गंमत म्हणून मी हात पुढे केला आणि म्हटलं, आमच्या लहानपणी घरी बैल होता, त्याचं नाव सांग. त्याने दुपट्टा टाकला. हळूहळू बोलत राहिला. शिंगं कशी होती, कपाळावर काही पांढरं होतं का, पाण्यावर नेताना पुढे कोण चालायचं. मग म्हणाला, सरज्या. माझ्या अंगावर काटा आला. सरज्याच. पांढऱ्या टिकल्याचा, डाव्या शिंगाने जरा वाकडा. मी घरी जाऊन थोरल्या भावाला मोठ्या नाट्याने ही हकीकत सांगितली. भाऊ जेवत होता. त्याने मान वर केली आणि म्हणाला, आपल्याकडे सरज्या नावाचा बैल कधीच नव्हता. होता तो पवळ्या, आणि त्याला टिकला नव्हता.

आजही मी डोळे मिटले की मला पवळ्या दिसत नाही. सरज्या दिसतो. नळाच्या ओट्यापाशी उभा असतो आणि माझ्याकडे बघत असतो.

माझा भाचा प्रवीण विम्याचं काम करतो. तो पुण्याला जाऊन मन वळवण्याच्या शास्त्राचा कसलासा वर्ग करून आला होता. समोरच्याकडून आधी बारीकसारीक गोष्टींना हो म्हणवून घ्यायचं, तो बसेल तसं बसायचं, त्याचाच शब्द त्याला परत द्यायचा, वगैरे. त्याला मनकवड्याचे प्रयोग करायची हौस आली आणि तो सुखदेवभाऊकडे विचारायला गेला, की काका, हे शास्त्र तुमच्या धंद्यात उपयोगी पडते का. मी सोबत होतो. फुकटची करमणूक मी सोडत नाही.

सुखदेवभाऊ म्हणाला, करून दाखव. प्रवीण त्याच्यासारखी मांडी घालून बसला. सुखदेवभाऊने कान खाजवला, प्रवीणने थोड्या वेळाने कान खाजवला. सुखदेवभाऊ पुढे झुकला, प्रवीण झुकला. बोलणं चालूच होतं. मग सुखदेवभाऊने शांतपणे डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि आमच्या प्रवीणचा हात उठला, डोक्यापर्यंत गेला, आणि तिथे नसलेली टोपी शोधू लागला. सुखदेवभाऊची बायको दारात उभी होती, ती पदर तोंडात कोंबून आत पळाली.

"आता सांग बावा," सुखदेवभाऊ म्हणाला, "कोन कोनाले वळवून राह्यलं?"

प्रवीण लाजला, पण पोरगा दिसतो त्याहून हुशार, आणि पडद्यामागचं मी त्याला सांगितलेलं होतं. तो म्हणाला, "ते जाऊ द्या काका. हेडमास्तरांचं मले सांगा. तुमी त्यांच्या मनातलं ओळखलं, का त्यांच्या मनात ठेवलं?"

"एकच हाये ते."

"एक कसं असन काका? तुमी ठेवता अन् मंग तुमालेच वाटते का सापडलं."

सुखदेवभाऊने टोपी परत घातली, आणि आपल्याच हाताकडे बघत बसला.

यानंतर थोड्याच दिवसांनी धनजचं बोलावणं आलं.

धनजच्या कौसल्याबाई म्हणजे माझ्या बायकोच्या लांबच्या नात्यातल्या. शेतीवाडी बरी, एक मुलगा नितीन, त्याची बायको रूपाली नुकती वर्षभराची सून. घरची मंडळी कारंज्याला लग्नाला गेली होती, रूपालीला ताप होता म्हणून ती एकटी मागे राहिली. परत येऊन कौसल्याबाईंनी कपाट उघडलं तर एकदाणी नाही. सोन्याच्या मण्यांची ती माळ त्यांच्या सासूची. घर पालथं घातलं. कोणी कोणाला काही बोललं नाही, पण सगळ्यांनी रूपालीकडे बघणं बंद केलं. ते जास्त वाईट.

कौसल्याबाईंना पोलीस नको होते. त्यांना मनकवडा हवा होता. घरातली गोष्ट घरात राहील आणि हात खोटं बोलणार नाही. सुखदेवभाऊ आधी नाही म्हणाला. मग गेला. कलावंताला आमंत्रण नाकारता येत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

भर दुपार होती. बायकांचा हात तो दुपट्ट्याच्या आत धरत नसे, दुपट्ट्यासकट धरी. मानाप्रमाणे पहिला हात कौसल्याबाईंचा. त्यांना घेऊन तो सगळ्या खोल्यांतून फिरला, अंगणात गेला, गव्हाच्या पत्र्याच्या कोठीवरून वळून परत आला. हाती काही लागलं नाही. मग नितीन. त्यातही काही नाही. मग रूपाली.

रूपालीला घेऊन तो फिरला नाही. तिला घेऊन तो सरळ गव्हाच्या कोठीपाशी गेला आणि थांबला. मी दारात होतो. तिच्या बांगड्यांचा बारीक आवाज येत होता. सुखदेवभाऊ अगदी मायेने, बैलाला चुचकारावं तशा आवाजात बोलू लागला. भेऊ नको बाई, तुह्यावर कोनी रागावत नाही. ताप होता तुले. तापात माणसाले काय समजते? तू नाही केलं, हातानं केलं. झाकण उघडलं. गहू थंड लागला, बरं वाटलं. कोपरापर्यंत हात गेला. मंग बोटाले मणी लागले. लागले नं?

रूपाली समोरच्या भिंतीकडे बघत होती. पापणी हलत नव्हती. मग ती म्हणाली, "हो. लागले."

नितीनने झाकण उघडलं, गव्हात हात घातला, आणि एकदाणी बाहेर काढली.

सुखदेवभाऊचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला आहे. नारळ सापडल्यावर व्हायचा, तसाच उजळ.

घराने रूपालीला माफ केलं. फार मोठ्या मनाने केलं, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून केलं. ताप होता बिचारीला, असं म्हणून कौसल्याबाईंनी कोठीच्या खोलीची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. दळण काढायला रूपालीला आत जाऊ देत, पण मागे कोणीतरी उभं राही. ती स्वतःच सासूला सांगे, आत्याबाई, तुमी सोबत या, माह्या हाताचा भरोसा नाही. माहेरी गेली तर पिशवी उघडून दाखवून निघे. कोणी मागितलं नसताना.

मग काही महिन्यांनी मंगरूळपीरच्या बसस्टँडवर कौसल्याबाई आम्हाला भेटल्या. कुठल्या तरी लग्नाला निघाल्या होत्या आणि गळा मोकळा होता. सुखदेवभाऊने सहज विचारलं, लग्नाला अन् सोनं नाही?

"बाप्पा, दिवस कोणते चालले! आमचं तं पयलेपासून नेमच हाये, घरून निघालं का सोनं गव्हात."

बस आली, त्या चढल्या, बस गेली. सुखदेवभाऊ तिथेच बाकावर बसला. माणसाच्या चेहऱ्यातून रक्त उतरतं असं म्हणतात, ते मी तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं. मी पाणी आणलं. त्याने ग्लास घेतला नाही, हात दुपट्ट्यात गुंडाळून ठेवले.

"माह्या धंद्यानं घात केला," तो म्हणाला. "जिंदगीभर एकाच्या हातातून उचललं, दुसऱ्याच्या हातात सोडलं. बाईनं सोताच ठेवली होती. सोताच इसरली. पण तिचा हात नव्हता इसरला. कोठीपाशी जरासा हलला, मले समजलं बी नाही. मी ते उचललं अन् त्या लेकराच्या हातात सोडून आलो. अन् मले वाटलं, तिच्याच हातात सापडलं."

मी म्हटलं, मग जाऊन सांगून टाकू. इतकं सोपं आहे.

तितकं सोपं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी आम्ही धनजला गेलो. सुखदेवभाऊने सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं की माझी चूक झाली, पोरीचा काही दोष नाही. आपलं नाव आपल्या हाताने मातीत घातलं त्याने. कौसल्याबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, भाऊ, तुमी मोठ्या मनाचे, पण पोरगी तं सोता हो म्हणली होती. आणि त्या दिवशी घाईत ती कपाटातच राहिली होती, गव्हात ठेवली असती तर मला आठवलं नसतं का? सगळ्यांनी रूपालीकडे पाहिलं.

रूपाली सुखदेवभाऊला म्हणाली, "काका, माह्यासाठी खोटं कायले बोलता? मीच ठेवली. मले सगळं आठवते."

तिच्या आवाजात रडू नव्हतं. पाढा म्हणावा तसं ती सांगत होती. झाकण कसं जड होतं, गहू कसा थंड होता. शब्द सुखदेवभाऊचेच, पण आता त्यांना तिचा घाम लागला होता. मला नळाच्या ओट्यापाशी उभा असलेला सरज्या आठवला.

सुखदेवभाऊने खांद्यावरचा दुपट्टा काढला. त्यानंतर त्याने तो कधीच कोणाच्या हातावर टाकला नाही, पुढे जगला तोवर नाही. पण त्या दिवशी टाकला. कौसल्याबाईंच्या हातावर. मी हळूच त्याच्या कानाशी लागून विचारलं, आता काढणार आहेस की ठेवणार आहेस?

तो कौसल्याबाईंशी बोलू लागला. कारंज्याच्या लग्नाचा दिवस. नितीन बाहेर गाडीचा हॉर्न वाजवून राह्यला. तुमाले घाई. नवं लुगडं, त्याचा खळीचा वास. कपाट उघडलं, मंग वाटलं, नको, घरात एकटी पोरगी, तापानं फणफणलेली, कोनी आलं गेलं तर? मंग कोठी. मंग झाकणाचा आवाज. तो आवाज कसा होता बाई?

कौसल्याबाईंचे ओठ हलले. मग त्यांनी झाकणाच्या आवाजाचं वर्णन केलं. मग हॉर्नचं. मग म्हणाल्या, बाप्पा, व्हय की. मीच ठेवली. हाताले गहू लागला म्हणून पदरालेच पुसला होता, नवं लुगडं खराब झालं म्हणून गाडीत बसून स्वतःवर चरफडत होते. आणि त्या रडू लागल्या. खरं आठवलं म्हणून रडत होत्या की नुकतंच ठेवलेलं आठवलं म्हणून, हे मला सांगता येणार नाही, आणि सुखदेवभाऊलाही आलं नसतं. त्याने दुपट्टा काढला तेव्हा त्याचे हात मी पहिल्यांदा ओले पाहिले.

पण काम झालं होतं. कौसल्याबाईंनी कमरेची किल्ली काढून रूपालीच्या हातात दिली, तिच्या गालावरून हात फिरवला, म्हणाल्या, चहा ठेव, आणि जाता जाता दळणाचे गहू काढून घे, आज कोणी मागं येणार नाही. त्यांच्या गळ्यात एकदाणी होती. रडताना मणी वरखाली होत होते, उन्हाची तिरीप पडली की लखलखत होते. नितीन हसला. मी लगेच दोन शब्द बोलण्यासाठी घसा साफ केला, सवयीने. सुखदेवभाऊ उंबऱ्याशी टेकून बसला होता, डोळे मिटून, ओझं उतरवल्यासारखा. माझ्या मनात त्याचं शेवटचं चित्र तेच आहे. पुढे तो अनेकदा भेटला, पण नंतरचा सुखदेवभाऊ काही खरा नव्हे.

आत कोठीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. रूपाली आम्हाला दारातून दिसत होती. तिने बाही वर केली, गव्हात हात घातला, कोपरापर्यंत. आणि तशीच उभी राहिली. हात बाहेर काढेना.

"काय झालं वं?" कौसल्याबाईंनी गळ्यातली एकदाणी चाचपत विचारलं.

रूपालीने मान वळवली आणि सुखदेवभाऊकडे बघत म्हणाली, "काका, मणी अजून लागून राह्यले हाताले."